खरोसा ते किनवट : घुबडांच्या अन्नाच्या मागावर

लातूर सोडून औशामार्गे निलंग्याच्या रस्त्याला लागलं की काळी जमीन मध्येच तांबडी होते. जांभ्याचा पट्टा सुरू होतो आणि त्या जांभ्याच्याच एका टेकडीत खरोशाची लेणी कोरलेली आहेत. फेब्रुवारी संपत आला होता. हरभऱ्याची काढणी चालू होती, करडई वाळायला लागली होती, ज्वारीच्या रानात पाखरं राखायला बसलेली पोरं गोफण फिरवत होती. खरोशाला माणूस येतो तो रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेल्या भिंती पाहायला. मीही त्या पाहिल्या. पण माझा बहुतेक वेळ टेकडीच्या पायथ्याशी, एका जुन्या वडाच्या बुंध्यापाशी पाचोळा चाळण्यात गेला.

बुंध्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की वर घुबड बसतं हे ओळखावं. त्या ओघळांच्या खाली, पानांत, अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. ताजी गोळी ओलसर आणि वार्निश लावल्यासारखी चकचकीत असते. आठवड्याभरात ती करडी पडते. ही विष्ठा नव्हे. घुबड लहान भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं. इतर अनेक पक्ष्यांना असते तशी अन्न साठवायची पिशवी त्याच्या गळ्याशी नसते. मांस पोटात पचतं. केस, हाडं, किड्यांची कवचं, पिसं मागे उरतात. त्यांची घट्ट गोळी होते आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे टाकून देतं. ससाण्या-गरुडांच्या पोटातलं आम्ल हाडंही विरघळवतं, घुबडाचं त्या मानानं सौम्य असतं. त्यामुळे उंदराची कवटी दातांसकट गोळीत जशीच्या तशी सापडते. ज्याचा अभ्यास करायचा त्याला पकडायचं नाही, मारायचं नाही, त्याची झोपही मोडायची नाही. वन्यजीवांच्या अभ्यासात इतकी निरुपद्रवी पद्धत दुसरी क्वचितच असेल.

माझ्यासोबत नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा मित्र होता. गोळ्या गोळा करण्याचं वेड मूळ त्याचं. आम्हाला पाहायचं होतं ते एवढंच : लातूरच्या उघड्या माळापासून किनवटच्या सागवानापर्यंत जमीन बदलत जाते, पाऊस वाढत जातो, पिकं बदलतात, मग घुबडाचं खाणं कुठे आणि कसं बदलतं?

वडाखाली आम्हाला पाहून एक म्हातारे शेतकरी थांबले. "काय हुडकायलाव?" त्यांनी विचारलं. मित्रानं एक वाळलेली गोळी तळहातावर फोडली. करड्या केसांच्या लगद्यातून एक कवटी निघाली, पुढचे दोन पटाशीचे दात नारिंगी. "हे तर आमच्या रानातलंच की," बाबा म्हणाले. मग दुसरी कवटी निघाली : निमुळती, पांढऱ्या टोकदार दातांची, दातांत कुठेही मोकळी जागा नसलेली. ती चिचुंद्री. तिसऱ्या गोळीत काडीहून बारीक, लांबच लांब हाडं होती, वटवाघळाच्या पंखातली. लेण्यांत वटवाघळं मुबलक आहेत, त्यामुळे इथल्या गव्हाणी घुबडाला तीही मिळतात. बाबा बराच वेळ पाहत राहिले. निघताना म्हणाले, "आमी तर त्याला दगड मारीत नाही, पर भेतो म्हणून." त्यांनी सांगितलेली समजूत मराठवाड्यात सगळीकडे ऐकू येते. घुबडाला मारलेला दगड ते उचलून नेतं आणि पाण्यात टाकतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. ही भीती निराधार आहे, पण तिनं आजवर किती घुबडं वाचवली असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. नुसती भीती काढून टाकायची आणि तिच्या जागी काहीच ठेवायचं नाही, हे मला पटत नाही. तिच्या जागी त्या नारिंगी दातांची कवटी ठेवावी.

खरोशाहून परत लातूर, आणि तिथून चाकूर-अहमदपूरच्या दिशेनं. वाटेतल्या गावांत गढ्या लागतात. पांढऱ्या मातीचे बुरूज पावसानं खंगलेले, आत वाड्याच्या पडक्या भिंती, भिंतींत देवळ्या, बळदं. ज्यांनी बळद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : भिंतीच्या पोटात किंवा खोलीच्या कडेला धान्य साठवायला केलेली ती बंद जागा. अंगणात पेवं असत. जिथे वर्षाचं धान्य एका ठिकाणी, तिथे उंदीर. जिथे उंदीर, तिथे गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचा हा पक्षी माणसाच्या धान्याच्या मागे मागे गावात राहायला आला. त्याचे दोन कान डोक्यावर वरखाली बसवलेले असतात. डाव्या-उजव्या कानांत आवाज पोचण्याच्या बारीकशा फरकावरून अंधारात उंदीर नेमका कुठे कुरतडतोय हे त्याला कळतं. मिट्ट काळोखात, नुसत्या आवाजावर तो झडप घालू शकतो.

एका गढीच्या बुरुजाखाली गोळ्यांचा थरच्या थर होता. वरच्या ताज्या, खालच्या भुगा झालेल्या, त्यात हाडं मिसळलेली. पिढ्यान् पिढ्या ती देवळी वापरात असावी. या गोळ्यांत घरातली लहान उंदरं होती, चिचुंद्र्या होत्या आणि शेतातले दणकट काळपट उंदीरही. गावाच्या आतलं आणि गावाबाहेरचं, दोन्हीकडचं खाणं एकाच गोळीत. घुबड गढीत राहत होतं पण शिकारीला पांदीनं शिवारात जात होतं, हे त्या हाडांनी सांगितलं.

गढ्यांची माती आता ट्रॅक्टरनं शेतात चालली आहे. लातूर जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे आणि ते विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंतींखालीच हजारो माणसं गेली. त्यानंतर गावं नव्या जागी वसली, सिमेंटची घरं आली. ज्यानं ती पहाट पाहिली त्याला जुनी भिंत ठेवा असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. पण सिमेंटच्या सपाट भिंतीत घुबडाला जागा नसते, हेही खरं. यावर जगात उपाय सापडलेला आहे. मलेशियातल्या पामतेलाच्या मळ्यांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावल्या जातात. इस्राएलमध्ये स्दे एलियाहू या सामुदायिक शेतीच्या गावी १९८३ मध्ये असा प्रयोग सुरू झाला. पुढे जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी शेतकरीही त्या कामात आले. तिथली घुबडं आणि आपली घुबडं जवळच्या नात्यातली आहेत. अहमदपूरच्या शिवारात एखाद्या खांबावर लाकडी पेटी टांगायला मोठा खर्च नाही.

अहमदपूर सोडलं की बालाघाटाच्या रांगांचे माथे दिसू लागतात आणि लोहा-कंधारकडे जाताना रस्ता चढउताराचा होतो. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, भोवती खंदक असलेला. त्याच्या तटावरून संध्याकाळी पिंगळ्यांची भांडणं ऐकली. पण आम्ही आलो होतो शृंगी घुबडासाठी. ती जागा एक सोडून दिलेली दगडाची खाण आहे. ती कुठल्या गावची हे मी मुद्दाम लिहीत नाही. भारतात आढळणाऱ्या घुबडांच्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती पक्षीबाजारात विकल्या जातात असं 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेनं २०१० च्या अहवालात नोंदवलं. जादूटोण्यासाठी त्यांना मागणी असते आणि दिवाळीच्या सुमारास ती वाढते. मोठ्या आकाराचं, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेलं शृंगी घुबड त्यात विशेष धोक्यात. म्हणून घरट्याची जागा छापायची नाही, हा आमचा नियम.

खाणीच्या कडेवर, खडकाच्या सपाट फळीवर मादीनं अंडी घातली होती. काटक्या नाहीत, पिसं नाहीत, नुसती माती. दुर्बिणीतून पाहिलं तर तिचे नारिंगी डोळे आमच्यावरच रोखलेले होते, म्हणून आम्ही दूरच राहिलो. तिच्या नेहमीच्या बसायच्या खडकाखाली मात्र बराच ऐवज पडला होता. इथल्या गोळ्या गढीतल्या गोळ्यांहून कितीतरी मोठ्या, काही बोटाएवढ्या लांब. त्यांत माळावर बिळं करणारे लांब शेपटीचे जर्बिल उंदीर होते, घुशीची जाडजूड कवटी होती, सशाच्या पायाचं हाड होतं. शेजारी तितराची पिसं विखुरलेली, एक खेकड्याची नांगी, सरड्याचा जबडा. गव्हाणी घुबड एका प्रकारच्या भक्ष्यावर भर देतं. शृंगी घुबड माळावर जे हलेल ते पाहतं.

महाराष्ट्रात या जातीच्या खाण्यावर चांगलं काम झालेलं आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी शृंगी घुबडाच्या गोळ्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात या पक्ष्याचं शेतीच्या दृष्टीनं महत्त्व काय हे मांडलं. उंदीर, पक्षी, सरपटणारे प्राणी, कीटक असं बरंच काही त्यांना सापडलं. पण शेतीची नासाडी करणारे उंदीरवर्गीय प्राणी त्यात ठळक होते. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत याच संस्थेनं २०१८ मध्ये घुबडांचा महोत्सव भरवला. गावातल्या शाळकरी पोरांनी घुबडाची चित्रं काढली, मुखवटे केले. मराठवाड्यातल्या एखाद्या गावानं असं काही करावं असं मला मनापासून वाटतं.

नांदेडला पोचलो तेव्हा गोदावरीवर अंधार पडत होता. शहराचं घुबड म्हणजे पिंगळा. वीतभर उंचीचा, शंभरेक ग्रॅम वजनाचा, भर दुपारीही ढोलीच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान खालीवर करून पाहणारा. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा माळ आहे, तिथपासून जुन्या गावातल्या लिंबांच्या झाडांपर्यंत तो सगळीकडे आहे. रस्त्याच्या दिव्यावर बसून खाली झेप घेताना त्याला कुणीही पाहू शकतं. दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात, आणि पिंगळ्याला दोन्ही चालतात.

त्याची गोळी करंगळीच्या पेराएवढी, हातात घेताच भुसभुशीत. आत केस कमी, कवचं जास्त : भुंग्यांचे चमकदार पंख, नाकतोड्यांच्या तंगड्या, रातकिड्यांची डोकी, मध्येच विंचवाची नांगी. मित्रानं पावसाळ्यात जमवलेल्या गोळ्या बाटल्यांत जपून ठेवल्या होत्या. मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या बाटलीत पंख असलेली वाळवी आणि हुमणीचे भुंगेरे भरलेले. जी हुमणी ऊस आणि सोयाबीनची मुळं खाऊन शेतकऱ्याला हैराण करते, तिचेच हे भुंगेरे. जमिनीतून बाहेर पडून लिंबा-बाभळीवर बसतात तेव्हा पिंगळा त्यांना टिपतो. फेब्रुवारीच्या गोळीत हे काही नाही. तिथे उंदराचे केस वाढलेले दिसतात. एकाच झाडाखाली, एकाच जोडीचं खाणं ऋतूप्रमाणे इतकं पालटतं.

रात्री मित्राच्या घरी जेवणाचं टेबल रिकामं करून आम्ही बसलो. हे काम चिकाटीचं आहे. गोळी कोमट पाण्यात भिजवायची, चिमट्यानं आणि सुईनं उकलायची, हाडं ब्रशनं साफ करून जातवार लावायची. नुसती हाडं मोजून चालत नाही, कारण एका उंदराची हाडं दोन गोळ्यांत विभागली जातात. म्हणून खालचे जबडे मोजतात, डावे वेगळे, उजवे वेगळे. जे जास्त भरतील तितके तरी उंदीर नक्की. मग येतो वजनाचा प्रश्न आणि इथे हिशेब उलटतो. पिंगळ्याच्या गोळ्यांत आकड्यानं किडेच जास्त असतात. पण घरातल्या लहानशा उंदराचं वजनही पंधरा ग्रॅमच्या आसपास. तेवढं मांस व्हायला वाळवीची ढीगभर पाखरं लागतात. म्हणजे पोट कशानं भरलं हे आकडा सांगत नाही, वजन सांगतं. डॉ. पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गावातल्या आणि रानातल्या पिंगळ्यांवर लिहिलेल्या निबंधात खाणं, अधिवास आणि पिलं जगण्याचं प्रमाण यांचा संबंध तपासला होता. ज्यांच्या आसपास उंदीर भरपूर, त्यांची पिलं जगण्याची शक्यता अधिक. किडे खाऊन पिंगळा जगतो; पिलं वाढवायला त्याला उंदीर हवा.

नांदेडहून किनवटला रेल्वेनं जावं. मुदखेडला फाटा फुटतो आणि गाडी भोकर, हिमायतनगर करत आदिलाबादच्या दिशेनं जाते. हळूहळू कापसाची शेतं विरळ होतात, टेकड्या जवळ येतात, आणि मग दोन्ही बाजूंना सागवान. फेब्रुवारीत सागाची मोठी पानं वाळून खाली पडलेली असतात. पाऊल टाकलं की सगळ्या जंगलाला कळतं. पलीकडे पैनगंगा आणि तिचं अभयारण्य. वनखात्याच्या माणसाला सोबत घेऊन आम्ही एका ओढ्याच्या कडेनं चाललो.

इथे खडकांवर खेकड्यांच्या पाठी पडल्या होत्या. नांग्या मोडलेल्या, पोट रिकामं केलेलं. वर अर्जुनाच्या जाड फांदीवर हुमा घुबड बसलं होतं, तपकिरी, भलंमोठं, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. या घुबडाच्या गोळ्या हाती लागणं कठीण. मासे, बेडूक, खेकडे यांचे अवशेष घट्ट बांधले जात नाहीत, लवकर विखुरतात. म्हणून खडकावरची ही उष्टावळच वाचायची. त्याचे पाय पाहण्यासारखे असतात. इतर बहुतेक घुबडांच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, याचे पाय उघडे. तळव्यांना खरखरीत काटेरी खवले, निसरडा मासा सुटू नये म्हणून. उडताना त्याच्या पंखांचा आवाजही येतो. उंदराच्या शिकाऱ्याला आवाज परवडत नाही; पाण्यातल्या माशाला वरचा पंख ऐकू येत नाही, तेव्हा याला मुकेपणाची गरजच उरलेली नाही. काय खायचं यावरून सगळं शरीर घडत गेलं आहे.

किनवटच्या जंगलात हिंडताना रानपिंगळ्याची आठवण येणारच. १८८४ नंतर कुणालाच न सापडलेला हा पक्षी नामशेष झाला असं मानलं जात होतं. २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा पाहिला. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचं खाणं नोंदवलं : साठ टक्क्यांच्या आसपास सरडे, सापसुरळ्या, उंदीर पंधरा टक्के. दिसायला जवळपास सारखे, नात्यानं चुलत असे हे दोन पिंगळे. पण एक नांदेडच्या दिव्याखाली किडे-उंदरांवर आणि दुसरा सातपुड्याच्या सागवानात, दिवसाउजेडी, सरड्यांवर. गावातला पिंगळा माणसाशी जुळवून घेऊ शकला. रानपिंगळ्याला ते जमलेलं नाही. म्हणून जंगल तुटलं की एक टिकतो आणि दुसरा जातो.

परतताना भोकरजवळच्या एका गावात थांबलो. तिथे एका शेतकऱ्यानं बांधावरून उचललेलं मेलेलं गव्हाणी घुबड दाखवलं. अंगावर जखम नव्हती. त्याच्या शेजारच्या रानात उंदरांसाठी औषध टाकलेलं होतं. ते घुबड त्यानंच मेलं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण विषाचं काम कसं चालतं हे माहीत आहे. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मलूल होऊन उघड्यावर फिरतो आणि त्यामुळेच घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. उंदराच्या यकृतातलं विष घुबडाच्या पोटात जातं. उंदीर पुढच्या हंगामात पुन्हा भरून येतात; त्यांना दर काही आठवड्यांनी पिलं होतात. घुबडाची जोडी गेली की ती जागा भरायला वेळ लागतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या भेगांत उंदीर राहतात, आणि तिथपर्यंत औषधापेक्षा घुबडाचे कान जास्त चांगले पोचतात.

खरोशाच्या वडापासून किनवटच्या ओढ्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी घुबड वेगळं खात होतं, पण जिथे शेत होतं तिथे त्याच्या गोळीत शेतकऱ्याचा शत्रू होता. म्हणून लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. बांधावरचं ढोलीचं जुनं लिंबाचं झाड तोडू नका. हरभऱ्यात पाखरांसाठी पक्षिथांबे लावता, ते काढणीनंतरही काही दिवस राहू द्या. रात्री त्यांवर पिंगळा बसतो. उंदरांचं औषध हा शेवटचा उपाय ठेवा, आणि मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरा. गढीची भिंत उतरवायचीच असेल तर आधी देवळ्यांत पिलं नाहीत ना हे पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नं घुबडांना संरक्षण दिलेलं आहे. आणि तुमच्या झाडाखाली अशा गोळ्या दिसल्या तर झाडून टाकू नका. फोटो काढा, तारीख आणि शिवाराचं नाव लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना कळवा.